लांब हाताचा मल्ल नेहमी जिंकतो का?

अ हा ब पेक्षा मोठा आणि ब हा क पेक्षा मोठा, तर अ हा क पेक्षा मोठा असणारच. या गुणधर्माला गणितात संक्रामकता म्हणतात. उंची, वजन, वय यांना तो बिनचूक लागू पडतो. पण 'अमका तमक्याला हरवतो' या संबंधालाही तो लागू पडतो का? हेवीवेट मुष्टियुद्धातले तीन निकाल पाहा.

मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्क येथे जो फ्रेझरने मुहम्मद अलीला गुणांवर हरवले. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. मग फोरमन अलीला सहज हरवणार, असेच बहुतेकांना वाटले. पण ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासा येथे अलीने फोरमनला आठव्या फेरीत चीत केले. दगड-कागद-कात्रीसारखे हे वर्तुळ पुरे झाले!

असे का व्हावे? प्रथम पल्ला पाहू. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे पल्ला. आपल्या जुन्या मापांतली वाव. अलीचा पल्ला सुमारे ७८ इंच होता, फ्रेझरचा सुमारे ७३. या मापात छातीची रुंदीही येते. ती दोघांची सारखी धरली, तर प्रत्येक हातामागे फरक उरतो अडीच इंचांचा. दुरून सरळ ठोसे मारणाऱ्या अलीला तेवढा पुरेसा होता.

परंतु सरळ ठोशाला वेग घेण्यासाठी मोकळी जागा लागते. फ्रेझर वाकून, डोके हलवत ठोशाखालून आत शिरे. तिथे लांब हाताची अडचणच होते. उलट कोपरात वाकवलेल्या हाताचा 'हुक' धड फिरवून मारला जातो. त्याला थोडी जागाही चालते. पंधराव्या फेरीत अली खाली पडला तो अशाच डाव्या हुकने.

हीच शैली फोरमनपुढे घातक ठरली. तो फ्रेझरला दोन्ही हातांनी मागे ढकलून हवे तेवढे अंतर राखी आणि खालून वर ठोसा मारी. डोके पुढे येत असताना मूठ त्याच्याकडे गेली, तर दोन्ही वेगांची बेरीज होते.

अलीने नेमके उलटे केले. तो दोरांवर रेलून डोके मागे नेई. त्यामुळे सापेक्ष वेग घटे, अंतर वाढे आणि बरेच ठोसे दंडांवर झेलले जात. फोरमन थकला आणि हरला.

अर्थात, हे वर्तुळ कायमचे नव्हते. १९७१ मध्ये अली साडेतीन वर्षांच्या खंडानंतर नुकताच परतला होता, आणि पुढे १९७४ व १९७५ मध्ये त्याने फ्रेझरला हरवले. दुसरीकडे, अवघ्या ६८ इंच पल्ल्याचा रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळून अजिंक्य राहिला. म्हणजे पल्ला हा एक घटक आहे. तो किती उपयोगी पडेल, हे समोर कोण आहे यावर ठरते.

वर्गात हे करून पाहता येईल. मुलांची वाव मोजा आणि त्या क्रमाने त्यांना उभे करा, रांग लागेल. मग शाळेतल्या कबड्डी सामन्यांचे निकाल फळ्यावर मांडा. जिंकलेल्या संघाकडून हरलेल्याकडे बाण काढा. बाणांचे एखादे वर्तुळ तयार झाले, तर मुलांना विचारा : यातला 'पहिला' संघ कोणता? आणि तो तुम्ही कशावरून ठरवलात?