दोन्ही हातांत भाला, मग ढाल कुठे?

'अलेक्झांडर' हा २००४ चा पिक्चर हॉस्टेलवर बघताना एक प्रश्न डोक्यात अडकला. सैनिकांनी तो भलामोठा भाला दोन्ही हातांनी धरलाय, मग ढाल कोणत्या हातात? रूममेट म्हणाला, "पिक्चर आहे रे, गप बघ."

उत्तर आहे एका पट्ट्यात. जुन्या ग्रीक पायदळाची ढाल जवळजवळ तीन फूट व्यासाची. डावा हात तिच्यातच गुंतलेला, म्हणून भाला एकट्या उजव्या हाताला पेलेल एवढाच. अलेक्झांडरचे वडील, मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप (इ.स.पू. ३५९ ते ३३६), यांच्या सैन्यात भाला लांबला आणि ढाल दोन फुटांवर आली. ती पट्ट्याने खांद्याला लटकवायची, डावा हात आतल्या कडीतून पुढे काढायचा. झाला पंजा मोकळा!

या भाल्याचं नाव सारिसा. पॉलिबियस त्याची लांबी १४ हात देतो, म्हणजे सुमारे ६.३ मीटर, १० हात पुढे, ४ मागे. मेकॅनिक्सला केटी लागली असली तरी पुढचं गणित जमेल. समजा दांडा ५ किलोचा, सगळीकडे सारखा. पुढचा हात बुडापासून १.८ मीटरवर असेल, तर सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी त्याच्याही पुढे १.३५ मीटर. मागचा हात ०.९ मीटर मागे धरला, तर त्याला साडेसात किलोइतका जोर लावून दांडा सतत खाली दाबावा लागणार. बुडाला १ किलोचं लोखंड बसवा, साडेसातचे साडेपाच होतात. त्यांनी बुडाला वजन का लावलं हे आता कळलं ना? (मंडपवाल्याकडून वीसफुटी बांबू आणून मी हे करून पाहिलं. दोन मिनिटांत खांदे गेले. रूममेट दीड मिनिटात.)

पहिल्या पाच रांगांची टोकं फळीच्या पुढे यायची. मागचे भाले तिरपे वर धरून येणारे बाण अडवायचे. पॉलिबियस म्हणतो, एका रोमन सैनिकासमोर दहा टोकं!

पण हे सगळं सपाट जमिनीवर. इ.स.पू. १६८ मध्ये पिड्ना इथे उंचसखल जमिनीवर फळीत फटी पडल्या आणि रोमन आत घुसले. समोरचा एवढा जवळ आल्यावर सहा मीटरचा भाला वळवणार कसा? तो टाकून छोटी तलवार काढायची, आणि अंगावर ढाल फक्त दोन फुटी. लिव्हीच्या आकड्यांप्रमाणे त्या दिवशी मॅसिडोनियाचे सुमारे २०,००० मेले, रोमनांचे शंभराच्या आत.