पंपाच्या पेटीतील चिपची सुरक्षा

कुकडी नदीवरील येडगाव धरणातून निघणारा डावा कालवा जुन्नरपासून करमाळ्यापर्यंतच्या शेतीला पाणी पुरवतो, आणि अशा बागायती पट्ट्यांत ‘ऑटो स्विच’ व ‘मोबाईल स्टार्टर’ ही उपकरणे आता शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाची झाली आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ने मोबाईलवरून पंप चालू-बंद करण्याची सोय ग्रामीण भागात रुजवली. अशा उपकरणांचे काम सहसा मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेल्या छोट्या संगणकावर चालते, आणि त्याचे आयुष्य मुख्यतः भोवतालच्या मंडलाच्या रचनेवर ठरते.

पंपाच्या पेटीत मोटारीचा ४१५ व्होल्टचा थ्री फेज पुरवठा आणि चिपचा ५ व्होल्टचा पुरवठा अगदी शेजारी नांदतात. एटीमेगा ३२८पी या प्रचलित चिपच्या डेटाशीटनुसार पुरवठ्याची कमाल मर्यादा ६ व्होल्ट आणि एका पिनेतून जाणाऱ्या प्रवाहाची ४० मिलीअँपिअर आहे. या आकड्यांपलीकडे चिपला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे रचनाकाराने त्यांच्या बरेच आत राहणे आवश्यक ठरते.

म्हणूनच रिलेची कॉइल थेट पिनेला न जोडता ट्रान्झिस्टरमार्फत चालवतात आणि कॉइलला समांतर डायोड लावतात. कॉइलचा प्रवाह अचानक तुटला की तिच्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा शेकडो व्होल्टचा उलटा झटका निर्माण करू शकते, परंतु पट्टा असलेले टोक पुरवठ्याच्या धन बाजूला ठेवून जोडलेला डायोड तिला कॉइलमध्येच फिरण्याची वाट देतो. चिपच्या पुरवठा पिनांलगत लावलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर क्षणिक चढउतार शोषतो, मात्र तो दूर बसवल्यास मधल्या तारेच्या प्रेरकत्वामुळे त्याचा उपयोग बराच घटतो.

विहिरीतील पाण्याची पातळी कळवणारी लांब तार जवळपास वीज पडल्यास धोक्याचे दार ठरते. पिनेवरील विद्युतदाब पुरवठ्यापेक्षा वर किंवा शून्याखाली गेला, तर चिपच्या सिलिकॉनमधील अनपेक्षित मार्ग जागा होऊन पुरवठा व ग्राउंड यांच्यात जणू शॉर्ट होतो. याला लॅच-अप म्हणतात, आणि पुरवठा तोडेपर्यंत चिप तापत राहते. तारेच्या मार्गात १० किलोओहमचा रोधक असल्यास १५ व्होल्टच्या झटक्यातही पिनेत सुमारे १ मिलीअँपिअरच प्रवाह शिरतो. विजेच्या मोठ्या झटक्यासाठी मात्र सर्ज अरेस्टर, चांगले अर्थिंग आणि प्रकाशाद्वारे संकेत पोहोचवणारा ऑप्टोकप्लर यांची जोड लागते.

दुरुस्तीच्या वेळीही काळजी घ्यावी लागते, कारण हिवाळ्यातील कोरड्या हवेत शरीरावर साठणारा स्थिर विद्युतभार माणसाला सुमारे ३,००० व्होल्टच्या पुढे जाणवतो, तर काही चिप त्याच्या कितीतरी कमी दाबाने निकामी होतात. त्यामुळे पुरवठा तोडून, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून आणि अर्थशी जोडलेला मनगटी पट्टा बांधूनच बोर्ड हाताळावा.

नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण अवकाशातील अतिक्षीण संकेत टिपते, त्यामुळे या परिसरात विद्युत गोंगाट आवरणारी मंडलरचना विज्ञानाच्याही उपयोगी पडते. डायोड, रोधक आणि कपॅसिटर यांचा खर्च थोडक्या रुपयांचा असतो, परंतु ते वगळल्यामुळे ऐन भरणीच्या वेळी पंप बंद पडला तर उभ्या पिकाचे नुकसान होते; म्हणून चिपचे संरक्षण हा मूळ आराखड्याचाच भाग असला पाहिजे.