ओटीपी म्हणजे आपली सहीच


देशातला पहिला आधार नंबर २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आता त्या बारा आकड्यांवर पीएम किसानची ई-केवायसीही होते. नंबर टाकला की आधारला जोडलेल्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी येतो, दहा मिनिटांनी तो बाद. आधार नंबर चार जणांना ठाऊक असतो. ओटीपी मात्र त्या एकाच मोबाईलवर येतो. म्हणून तो टाकणारा मालकच, असे यंत्र धरते. आवाज ओळखायला ते काही आपला चिटबॉय नव्हे! फोनवर कुणी कारखान्याचे नाव सांगितले तरी ओटीपी देऊ नये. जुने सिम बंद पडले असेल, तर कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते. तेव्हा आधारवरचा मोबाईल नंबर आधी बदलून घ्यावा.