थाई भोजनालयात बसण्यापूर्वी

रत्नांच्या व्यापारानिमित्त आपल्यापैकी अनेकांचे बँकॉकला जाणे-येणे असते, आणि आता मुलाबाळांसह सहलीलाही कुटुंबे तेथे जाऊ लागली आहेत. भारतीय शाकाहारी भोजनालये तेथे आहेत. परंतु एखादा स्थानिक व्यापारी स्नेहाने साध्या थाई भोजनालयाचे आमंत्रण देतो, मुलेही उत्सुक असतात. अशा वेळी सरसकट नकार देणे जड जाते, आणि डोळे मिटून जेवणे त्याहून जड.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. ‘मांगसाविरात’ या थाई शब्दाचा अर्थ शाकाहारी. पण त्यात अंडी वर्ज्य नाहीत. शिवाय ‘मांस नको’ म्हटले की स्वयंपाकी तुकडे वगळतो, रस तोच ठेवतो. थाई पाकशाळेत मिठाचे काम बहुधा ‘नाम प्ला’ करते. मासे मिठात दीर्घकाळ मुरवून काढलेला हा द्रव आहे. हिरव्या व लाल रश्शाच्या वाटणात मिरची व गवती चहाबरोबर लसूण, छोटे कांदे, कोथिंबिरीची मुळे आणि ‘कापी’, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, कुटलेला असतो. हे वाटण आधीच तयार असल्याने मागणीनुसार त्यातून काही काढता येत नाही.

येथे ‘जे’ हा शब्द उपयोगी पडतो. चिनी परंपरेतून आलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतात; तो कडकपणे पाळणारे भांडीही वेगळी ठेवतात. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुधा आपल्या नवरात्राच्या सुमारास, ९ दिवस हे व्रत मोठ्या प्रमाणावर पाळले जाते. त्या काळात दुकानांवर पिवळी निशाणे लागतात. त्यांवरील लाल अक्षरे इंग्रजी सतराच्या आकड्यासारखी दिसतात. तशी पाटी मिरवणारी काही भोजनालये वर्षभर चालू असतात.

तथापि ‘जे’ म्हणजे जैन आहार नव्हे. त्यात बटाटा, गाजर, मुळा चालतात. अळिंबी तर मुबलक असते. आल्याच्या कुळातील कुळिंजनाचा कंदही चालतो. सोयाबीन वा गव्हाच्या सत्त्वापासून मांसाच्या रूपाचे पदार्थही तेथे करतात. ते पाहून मन विटणे स्वाभाविक आहे. म्हणून ‘जे’ म्हणून झाल्यावर कंदमुळे व अळिंबी यांचा निराळा उल्लेख करावाच. थाई लिपीत लिहून घेतलेली चिठ्ठी जवळ असल्यास उच्चाराचा घोटाळा टळतो.

कच्च्या पपईचा ‘सोम तम’ समोरच कुटला जातो. त्यातून लसूण, सुकी कोळंबी व नाम प्ला वगळता येतात, पण उखळ तेच असते, हे ध्यानात ठेवावे. त्या मानाने नारळाच्या दुधातील चिकट भात व पिकलेला आंबा हा पदार्थ निर्धोक. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्यांनी वेळही आधीच ठरवावी. तेथे वर्षभर सूर्यास्त सायंकाळी पावणेसहा ते सात यांच्या दरम्यान होतो.

यजमानास हे सारे आमंत्रण स्वीकारतानाच सांगावे. ताटावर बसल्यावर केलेली चौकशी त्याला ओशाळवाणे करते; आदल्या दिवशी सांगितल्यास तो स्वतःच योग्य ठिकाण शोधतो. इतके करूनही स्वयंपाक्याचे उत्तर संदिग्ध वाटले, तर शहाळे व फळे मागवून गप्पांत सहभागी व्हावे. मुलांनाही त्यातून नियम आणि स्नेह एकत्र कसे सांभाळावेत, ते प्रत्यक्ष पाहावयास मिळते.