रस्त्याने आखलेली होडी किती कलते?

शीड आणि वारा : लेखांक पाचवा

शिडात अडलेल्या वाऱ्याचे बळ होडीला पुढे कसे नेते, याचा विचार गेल्या आठवड्यात झाला. परंतु त्याच बळाचा बराच मोठा हिस्सा होडीला पुढे न नेता आडवा रेटीत असतो, आणि जोराच्या वाऱ्यात नवख्या माणसाचा धीर खचविणारा जो कल, तो ह्याच हिश्शाचा परिणाम होय. मोटारीमागे ट्रेलरवर घालून गावोगाव नेता येणारी लहान शिडाची होडी अशा वाऱ्यात किती कलते, आणि किती कलली म्हणजे भ्यावे, एवढाच प्रश्न आज घ्यावयाचा आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर पाण्याआधी रस्त्यावर शोधावे, असे माझे मत आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाला जेथे वरोरा-चंद्रपूरचा फाटा फुटतो, ते वर्धा जिल्ह्यातील जाम गाव समुद्रपूर तालुक्यात असले तरी खऱ्या समुद्रापासून शेकडो कोस दूर आहे. तथापि भोपाळच्या बड्या तलावावरील होडी हैदराबादच्या हुसेनसागरावर शर्यतीसाठी न्यावयाची झाली, तर महामार्गाने ती ह्याच चौकातून जाणार. आता रस्त्यावरील वाहनाची रुंदी २.६ मीटरहून अधिक नसावी असा आपल्याकडील नियम आहे आणि अमेरिकेतील साडेआठ फुटांची मर्यादाही जवळजवळ तेवढीच भरते; म्हणजे रचनाकाराने कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीच होडीची रुंदी सरकार दरबारी मुक्रर झालेली असते. शिवाय ती काठावरच्या उतारावरून गुडघाभर पाण्यात सोडावयाची, म्हणून तळाशी खोलवर गेलेला कायमचा जड कणा तिला परवडत नाही. त्याऐवजी वर ओढून घेता येणारी फळी बसवितात. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’, जिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, तिला असल्या कोणत्याही अटी लागू नव्हत्या.

होडीला उभे ठेवणाऱ्या गोष्टी दोन : रुंदी आणि तळाचा भार, ज्याला आपले दर्यावर्दी नीरम म्हणत आले. हिंगणघाटच्या बाजाराकडे निघालेला, कापसाने वर फुगलेला ट्रक वळणावर कलतो, पण वजनाची रेषा चाकांच्या आत आहे तोवर पडत नाही आणि ती बाहेर गेली की कोणाच्याने थांबत नाही; केवळ रुंदीवर विसंबलेल्या होडीचे वर्तन नेमके असेच असते. आरंभी ती मोठी ताठ वाटते, सुमारे तीस-चाळीस अंशांपर्यंत तिचा प्रतिकार वाढत जातो आणि नंतर झपाट्याने ओसरतो. तळाच्या भाराचा स्वभाव उलट : पहिल्या दहा अंशांत तो फारसा कामाला येत नाही, पण कल जितका वाढेल तितका तो जोराने होडीला माघारी खेचतो. ट्रेलरवरच्या होडीत रुंदी मर्यादित आणि भार बेताचा, असा हा दुहेरी संकोच असतो.

थोडा हिशेब मांडू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा नॉटच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास, तर वीस नॉटचा, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरचा, साडेसहा किलोच्या घरात जातो. शीड वीस चौरस मीटरचे धरले, तर एकशेतीस किलोचा आडवा रेटा झाला. शिडाचा मध्य आणि पाण्याखालील फळीचा मध्य यांत साडेचार मीटरांचे अंतर धरले, तर कलविणारे बळ सुमारे ५८५ किलो-मीटर येते. बाराशे किलोच्या होडीची सावरण्याची परमावधी सहाशेच्या आसपास समजली, तर वीस नॉटमध्ये पूर्ण शीड लावणारा मनुष्य कडेलोटाच्या कडेवरच बसला आहे हे निराळे सांगावयास नको. दोघेजण वाऱ्याकडील काठावर सरकून बसले की दीडशेचा दिलासा मिळतो. पण शीड गुंडाळून एकतृतीयांश कमी केले, तर रेटाही घटतो आणि त्याचा मध्यही खाली येतो, त्यामुळे ५८५ चे सव्वातीनशेच उरतात. म्हणून वारा चढण्याची चिन्हे दिसताच शीड कमी करावे, चढल्यावर नव्हे. कललेल्या होडीत उभे राहून शीड आवरणे ही निराळीच तारांबळ असते.

व्यवहारात दहा-पंधरा अंशांचा कल हा सुखाचा प्रवास समजावा. वीस अंशांवर शीड कमी करण्याची वेळ झालेली असते. त्यापुढे होडी अधिक वेगाने जात नाही, अधिक आडवी सरकते मात्र. पंचवीस-तीसवर सुकाणूचे पाते पाण्याबाहेर येऊ लागते, त्याची पकड सुटते आणि होडी कोणाचे न ऐकता वाऱ्याकडे तोंड फिरविते. शीड फडफडते, कल उतरतो. नवख्याला हा उत्पात वाटतो, वस्तुतः होडीने स्वतःच केलेली ती सुटकेची तजवीज असते. निसर्गाची आणखी एक सवलत अशी की, होडी जो जो कलते तो तो शीड वाऱ्याखालून निसटते. साठ अंशांवर कलविणारे बळ चौथाईवर येते.

ह्या सवलतीवर भरवसा ठेवता येत नाही तो झोतामुळे. संथपणे वाढणारा वारा होडीला ज्या अंशावर नेऊन थांबवील, तेवढाच वारा एकाएकी आदळला तर ती जवळजवळ दुप्पट कलते. विदर्भात वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो तो असाच, कसलीही वर्दी न देता येणारा. टेकड्यांनी वेढलेल्या जलाशयावर तर तो कोणत्या खिंडीतून उतरेल याचाही नेम नसतो. अशा वेळी शिडाचा दोर गाठ मारून बांधून ठेवणे ही अक्षम्य हयगय होय. तो हातातच असावा आणि झोत येताच सैल सोडावा.

काही ट्रेलर-होड्यांत पाण्याचाच भार वापरतात : तळाची टाकी होडी उतरवल्यावर भरावयाची, पाचशे-सातशे किलो पाणी घ्यावयाचे आणि परत निघताना सोडून द्यावयाचे. युक्ती सुंदर, पण विसरणाऱ्याला माफी नाही. ४ जुलै २००२ रोजी अमेरिकेतील शॅम्प्लेन सरोवरावर अशी एक होडी अकरा माणसांसह उलटली. टाकी रिकामी होती आणि खोलीत अडकलेली दोन मुले दगावली. अर्धी भरलेली टाकीही भरवशाची नव्हे, कारण आतले पाणी खालच्या कुशीकडेच धावते.

चांगला भार असलेली होडी नव्वद अंशांवर, डोलकाठी पाण्याला टेकली असतानाही, बहुधा परत उठते. मात्र तेवढ्या अवधीत खोलीच्या दारातून पाणी आत शिरले तर सगळा हिशेब रद्द होतो. यास्तव जोराच्या वाऱ्यात दार बंद, माणसे बाहेर आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, हा शिरस्ता पाळावा. बिनभाराच्या होडीने उलटावयाचे ठरविलेच, तर तिला पाण्यातून पुन्हा उभी कशी करावी, त्याची रीत पुढील लेखांकी.