अवजड गाडीचं वजन जातं कुठे?

मोठी टूरिंग मोटरसायकल रस्त्याच्या कडेला नुसती उभी असली तरी चार माणसं जमतात, आणि पहिला प्रश्न येतो तो वेगाचा. माझ्या मते पहिला प्रश्न वजनाचा असायला हवा. अशा गाडीत अभियंत्यांनी डोकं सर्वात जास्त कुठे चालवलं असेल, तर ते हे वजन ठेवायचं कुठे आणि चालवणाऱ्याला जाणवू द्यायचं किती, या दोन गोष्टींवर.

गाडी आहे बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस. सप्टेंबर २०२३ मध्ये ती जगापुढे आली आणि जून २०२४ मध्ये भारतात. इंजिन १३०० सीसीचं, ताकद १४५ अश्वशक्ती, टॉर्क १४९ न्यूटन-मीटर, आणि पेट्रोलसकट वजन २३७ किलो. आपल्या चाकणला बनणाऱ्या डोमिनार ४०० किंवा केटीएम ३९० ॲडव्हेंचरवर ज्यांचा हात बसला आहे, त्यांना हे वजन चाळीस-पन्नास किलोंनी जास्त. मित्राने नवी घेतलेली ही गाडी मी आधी मीरा रोडच्या गल्ल्यांतून, मग काशीमिऱ्याहून अहमदाबाद महामार्गावर आणि शेवटी भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला चालवली. या तीन रस्त्यांवर गाडीचे तीन वेगळे गुण कसाला लागतात.

सुरुवात सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्येच होते. खाली गुळगुळीत फरशी, बाहेर पडायला छोटा चढ, पुढे गेट. साइड स्टँडवर झुकलेली गाडी सरळ करताना जो जोर लागतो, त्यानेच निम्मे लोक दबकतात. इथे थोडं गणित मांडून पाहावं. गाडी अगदी सरळ उभी असेल, तर सगळं वजन दोन टायर पेलतात. तुमच्या हातावर काहीच येत नाही. गुरुत्वमध्य जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर आणि हँडल एकशे दहा सेंटिमीटरवर धरलं, तर गाडी पाच अंशांनी कलली की हँडलपाशी सुमारे ११ किलोंचा भार येतो. दहा अंशांना तो २२ किलो होतो आणि वीस अंशांना ४३ किलोंच्या पुढे जातो. म्हणजे २३७ किलो उचलायचे नसतातच, कल पहिल्या पाच-सात अंशांतच थांबवायचा असतो. ताकदवान माणसाच्या हातून गाडी पडते आणि किरकोळ अंगाचा माणूस ती सहज फिरवतो, याचं कारण हेच आहे. दुसऱ्याने कल वाढूच दिलेला नसतो.

या मॉडेलमध्ये गिअरबॉक्स इंजिनच्या मागून काढून इंजिनच्या खाली नेला आहे. त्यामुळे इंजिनची लांबी कमी झाली आणि जड भाग गाडीच्या मध्याशी गोळा झाले. आधीच्या आर १२५० जीएसपेक्षा वजनही बारा किलोंनी घटलं. पण बारा किलोंच्या बचतीपेक्षा हे मध्याशी गोळा होणं जास्त कामाचं आहे, असं मला चालवताना सतत वाटत होतं. वजन दोन टोकांना पसरलेलं असेल तर गाडी वळायला आळस करते. मध्यात असेल तर कंबर हलवली की गाडी ऐकते.

सीटची उंची ८५० मिलिमीटर. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही तळवे एकदम टेकत नाहीत. टेकवायचा हट्टही धरू नये. सीटवरून जरा एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकवावा आणि दुसरा ब्रेकवर ठेवावा. यासाठी कंपनीने एक पर्यायी सोयही काढली आहे. थांबायच्या बेताला आलं की सस्पेन्शन आपोआप तीन सेंटिमीटर खाली बसतं आणि वेग घेतला की पुन्हा वर येतं. सिग्नलला पाय टेकताना ८२० मिलिमीटर आणि खड्ड्यावर पूर्ण उंची, असा दुहेरी फायदा. तीन सेंटिमीटर कागदावर नगण्य वाटतात. टाच टेकणं आणि नुसती बोटं टेकणं यातला फरक मात्र तेवढाच असतो.

आता मुख्य रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांच्या रांगेशी. मोठ्या गाडीची परीक्षा इथे, ताशी दहा किलोमीटरच्या वेगात होते. चाकं जोरात फिरत असताना गाडी बऱ्यापैकी स्वतःला सावरते. वेग मेला की ती मदत संपते आणि तोल सगळा तुमच्यावर येतो. तेव्हा तीन गोष्टी एकत्र करायच्या: ॲक्सिलरेटर किंचित उघडा आणि स्थिर, क्लच अर्धा, आणि पायाचा ब्रेक अगदी हलका दाबलेला. इंजिन ओढतंय आणि ब्रेक धरतोय, या ताणामुळे गाडी झटके देत नाही. वेग कमी-जास्त करायचा तो क्लचने. यू-टर्न घेताना नजर पुढच्या चाकाकडे न ठेवता, जिथे जायचं त्या टोकाकडे मान पूर्ण वळवून ठेवायची.

एक गोष्ट कटाक्षाने टाळायची: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबणं. वजन झपकन पुढे येतं, पुढचं चाक त्या वेळी तिरकं असतं, आणि गाडी आतल्या बाजूला बसते. रिक्षा अचानक आडवी आली की हात आपोआप त्याच ब्रेककडे जातो, म्हणून ही सवय मोकळ्या मैदानात आधी मोडावी लागते. गाडी पडलीच तर दोन बाजूंना बाहेर आलेले सिलिंडर तिला पूर्ण आडवी होऊ देत नाहीत. ती सिलिंडरवर टेकून राहते आणि उचलायला सोपी जाते. सिलिंडरचे गार्ड मात्र पहिल्याच दिवशी बसवून घ्यावेत.

हे सिलिंडर असे बाहेर का? बीएमडब्ल्यूची पहिली मोटरसायकल, १९२३ ची आर ३२, मॅक्स फ्रिट्झ यांनी याच रचनेवर उभी केली. समोरासमोर आडवे ठेवलेले दोन पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. एकाचा धक्का दुसऱ्याच्या धक्क्याने खोडला जातो. दोन्ही सिलिंडर अगदी एका रेषेत नसतात, किंचित मागेपुढे असतात, त्यामुळे थोडा कंप उरतो. पण १३०० सीसीच्या दोन सिलिंडरांच्या मानाने तो फारच कमी. शिवाय क्रँक गाडीच्या लांबीत फिरतो. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर पिळला तर गाडी एका बाजूला हलकी झुकते. नवख्याला वाटतं काहीतरी सैल आहे. तसं काही नसतं, आणि चालत्या गाडीत ते कळतही नाही.

इनटेक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर दोन वेगवेगळे आकार आहेत, एक कमी भारासाठी आणि एक पूर्ण जोरासाठी. गरजेप्रमाणे कॅमशाफ्ट आडवा सरकतो आणि दुसरा आकार कामाला लागतो. ही युक्ती २०१८ मध्ये १२५० सीसीच्या इंजिनापासून आली. तिचा उपयोग असा की काशीमिऱ्याच्या गर्दीत इंजिन मऊ राहतं आणि महामार्गावर दमदार होतं. ३६०० ते ७८०० आरपीएमच्या सबंध पट्ट्यात १३० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त टॉर्क मिळतो. ट्रकला मागे टाकताना गिअर खाली घ्यायची गरजच पडत नाही, मनगट थोडं वळवलं की झालं.

घोडबंदरचा फाटा मागे टाकून वर्सोवा पुलावर आलं की खाडीचा आडवा वारा लागतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलामुळे इथली जुनी कोंडी बरीच सुटली आहे. हलक्या गाडीला हा वारा एका बाजूला ढकलतो. या गाडीत वजन पहिल्यांदा मदतीला येतं, ती रेषा सोडत नाही. समोरच्या वाऱ्याचं गणित वेगळं आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ६० ला जो वारा सुखावतो, तोच १२० ला छातीवर चौपट दाबाने बसतो आणि हात हँडलला लोंबकळू लागतात. थकवा तिथून सुरू होतो. या गाडीची काच वर-खाली करता येते. पण काच जितकी वर तितकं चांगलं असं नाही. काचेच्या कडेवरून सुटलेला वारा हेल्मेटवर आदळला तर डोकं सतत थरथरतं. कड आपल्या नजरेच्या किंचित खाली राहील अशी काच लावून पाहावी. वारा हेल्मेटच्या माथ्यावरून जाऊ लागला की आवाज एकदम पडतो. चालत्या गाडीवर बोटाबोटाने काच बदलत मी ती जागा शोधली. मनोरपर्यंतच्या रस्त्यावर मला या गाडीची सर्वात मोठी देणगी हीच वाटली. उतरल्यावर खांदे दुखत नव्हते.

महामार्गावर पुढचा ट्रक अचानक थांबतो, तेव्हा आणखी एक रचना कळते. साध्या फोर्कमध्ये ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली बसतं, स्प्रिंग निम्मी दबून जाते आणि त्याच क्षणी खड्डा आला तर तो झेलायला जागा उरत नाही. टेलिलिव्हर नावाच्या रचनेत फोर्क चाकाला धरतो आणि वळवतो. भार मात्र एका आडव्या बाहूमार्फत मधल्या वेगळ्या शॉकअब्सॉर्बरवर जातो. बीएमडब्ल्यूने ती १९९३ मध्ये आर ११०० आरएसवर आणली. त्यामुळे जोरात ब्रेक लावूनही गाडी जवळजवळ सपाट राहते आणि स्प्रिंग खड्ड्यासाठी शिल्लक राहते. आपल्या रस्त्यांसाठी याहून उपयोगी गोष्ट या गाडीत दुसरी नाही, असं मी ठामपणे म्हणेन. जोडीला सेन्सर गाडी किती कलली आहे हे सतत मोजतात, आणि वळणात ब्रेक लावला तर एबीएस त्या कलाप्रमाणे दाब कमी-जास्त करतं. पावसाळ्यात रेन मोड लावला की ॲक्सिलरेटर सौम्य होतो. ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि रस्त्यावर अंथरलेल्या लोखंडी प्लेटांवर तो लावलेला बरा.

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा ओलांडत उत्तनकडे जाणारा रस्ता अगदी निराळा. अरुंद, वळणांचा, कडेला मिठागरं आणि खाजण, पुढे कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर वाळणारे बोंबील. इथे वेग नको, लय हवी. डावीकडे वळायचं तर डाव्या हाताने हँडल हलकेच पुढे ढकलायचं, गाडी डावीकडे कलते आणि वळते. सगळ्याच दुचाकी वेगात अशाच वळतात. हलक्या गाडीवर ते नकळत होतं, जड गाडीवर मुद्दाम करावं लागतं. एकदा ते जमलं की २३७ किलो तळहाताच्या दाबावर वळतात.

या खाऱ्या हवेत चेनच्या गाडीवाल्यांना चेन सतत पुसावी लागते आणि तिला वंगण घालावं लागतं, नाहीतर पंधरा दिवसांत तांबूस गंज दिसू लागतो. जीएसला चेन नाहीच. इंजिनची ताकद एका बंद दांड्यातून, म्हणजे शाफ्टमधून, मागच्या चाकाला जाते. शाफ्टचा एक दोष असतो: ॲक्सिलरेटर पिळला की गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. त्यावर १९८७ मध्ये पॅरालिव्हर आणला. मागच्या बाहूला जोडीने आणखी एक दांडा आणि दोन सांधे दिले, त्यामुळे हा उचलणारा जोर बहुतांशी खोडला जातो. उत्तनच्या चढावर वळणातच ॲक्सिलरेटर उघडला तरी मागचा भाग शांत राहिला.

इतकी सगळी तयारी असलेली ही गाडी महाराष्ट्रातल्या उत्तमोत्तम रस्त्यांवर नेता येत नाही, याची मला मनापासून खंत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, सगळीकडे दुचाकीला बंदी. ५० सीसीची मोपेड आणि वळणावर चालणारं एबीएस असलेली १३०० सीसीची गाडी नियमाच्या लेखी एकच. मीरा-भाईंदरकरांना म्हणूनच अहमदाबाद महामार्ग जवळचा. तिथे दुचाकीला टोलही नाही. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे शंभर किलोमीटरला ४.८ लिटर पेट्रोल लागतं आणि टाकी १९ लिटरची. म्हणजे एका टाकीत साडेतीनशेच्या पुढे. सुरत गाठूनही टाकीत पेट्रोल उरतं.

दुसरीकडे परवान्याचं उलट आहे. गिअरच्या मोटरसायकलचा जो परवाना १०० सीसीला चालतो, तोच या गाडीला चालतो, वेगळी परीक्षा नाही. ही सवलत मला धोक्याची वाटते. भारतात आली तेव्हा २०.९५ लाख एक्स-शोरूम किंमत असलेली गाडी, ३५० सीसीच्या वर आता २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. एवढा खर्च करणाऱ्याने आणखी थोडा खर्च करून दोन दिवस रीतसर प्रशिक्षण घ्यावं. चारशे सीसीवर दोन पावसाळे काढून मग इकडे यावं, हे त्याहून उत्तम.

गाडी अगदी नवी असेल, तर पहिले हजार किलोमीटर आरपीएम ५००० च्या आत ठेवायचे आणि एकाच वेगावर तासन् तास चालवायची नाही. नवे टायरही गुळगुळीत असतात, पृष्ठभाग थोडा घासला जाईपर्यंत वळणात फार कलवू नये. टायरमधली हवा थंड असताना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय. मागे माणूस आणि बाजूला सामानाच्या पेट्या लावल्या की वजन मागे आणि वर सरकतं, पार्किंगमधलं पाच-सात अंशांचं गणित बदलतं. म्हणून भरलेली गाडी घेऊन थेट महामार्गावर निघू नये. आधी सोसायटीच्या आवारात दोन-चार वळसे मारून हाताला नवा भार ओळखीचा करून घ्यावा.