हवामान केंद्र बसविताना : यंत्राआधी जागेचा विचार

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा अखंड खडखडाट डोळ्यांपुढे उभा राहतो. अलीकडच्या काळात त्यात पूर्णे, दापोडे, वळ, काल्हेर, माणकोली या गावांच्या परिसरातील विस्तीर्ण गोदामांची भर पडली आहे. माग असो वा गोदाम, दोहोंचा पावसाळ्याशी निकटचा संबंध आहे. कामवारी नदीला पूर आला आणि त्याच वेळी खाडीला भरती असली, की सखल भागातील पाण्याला वाट मिळत नाही. तळमजल्यावरील मागांच्या मोटारी, सुताच्या गाठी आणि रात्रपाळीचे कामगार यांच्या दृष्टीने मग एकेक तास मोलाचा ठरतो. म्हणूनच आपल्या इमारतीवर हवामान केंद्र बसविण्याचा विचार अनेक कारखाने, शाळा व ग्रामपंचायती करू शकतील. मात्र हे केंद्र निवडावे कसे, याची थोडी माहिती आधी असणे अगत्याचे आहे.

आपले केंद्र कशासाठी ?

मुंबईच्या वेधशाळेचे आकडे रोज प्रसिद्ध होत असताना स्वतःचे केंद्र हवे कशाला, अशी शंका सहज येईल. तिचे उत्तर 26 जुलै 2005 च्या पावसाने दिले आहे. 27 जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत कुलाबा येथे मात्र जेमतेम 73 मिलिमीटर पाऊस पडला. या दोन ठिकाणांत वीस-पंचवीस किलोमीटरचेच अंतर आहे. भिवंडी तर सांताक्रूझपासून सुमारे तीस किलोमीटर दूर. एका ठिकाणचा पाऊस दुसऱ्या ठिकाणचा म्हणून गृहीत धरता येत नाही, हाच याचा अर्थ होय.

राज्य शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पान्वये महसूल मंडळ हे एकक धरून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभारण्यात आली आहेत. आपले केंद्र त्यांना पर्याय नसून पूरक आहे. तसेच ते पुढील पावसाचे भाकीत करीत नाही; पूर्वसूचनेसाठी भारतीय हवामानशास्त्र विभागाकडेच पाहावयास हवे. आपल्या दारात आता काय घडत आहे, एवढेच आपले यंत्र सांगते. परंतु तेही थोडे नव्हे.

आधी प्रश्न, मग यंत्र

बाजारात अनेक प्रकारची यंत्रे मिळतात. कोणते घ्यावे हे ठरविण्यापूर्वी आपणास काय जाणून घ्यावयाचे आहे, ते कागदावर लिहून काढावे. शाळेला किंवा ग्रामपंचायतीला दिवसाचा एकूण पाऊस हवा असेल, तर मापनपात्रासह साधा पर्जन्यमापक आणि कमाल-किमान तापमापक पुरेसे आहेत. मात्र रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घेणारी जबाबदार व्यक्ती हवी. कारण देशभर पावसाची दैनिक नोंद याच वेळी घेतली जाते.

कारखाना व गोदाम यांची गरज वेगळी असते. गटारे तुंबतात ती दिवसाच्या बेरजेने नव्हे, तर तासाभरात कोसळणाऱ्या पावसाने. शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर निचरा होतो; तोच दोन तासांत पडला तर पाणी आत शिरते. येथे दर दहा-पंधरा मिनिटांची नोंद आपोआप ठेवणारे यंत्र उपयोगी पडते. अशा यंत्रात गाळणीखाली दोन लहान वाट्या असतात. एक भरली की ती कलंडते, दुसरी तिची जागा घेते आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. अतिशय जोराच्या सरीत हे यंत्र थोडा कमी पाऊस दाखविते, हे ध्यानात असू द्यावे. वीज व दूरसंपर्क खंडित झाल्यावरही नोंदी सुरक्षित राहतील, असेच यंत्र निवडावे. नेमक्या मुसळधार पावसातच हे दोन्ही बंद पडण्याचा संभव असतो.

मागशाळेतील आर्द्रता हा निराळा विषय आहे. हवा कोरडी पडली की सूत तुटू लागते; पण त्यासाठी आर्द्रतामापक मागशाळेच्या आत हवा, गच्चीवर नव्हे.

गच्ची योग्य आहे काय ?

बहुतेक चुका यंत्रात नसून जागेत असतात. सर्व मापके एकाच खांबावर लावून तो गच्चीत उभा करणे सोयीचे खरे. परंतु वारा, पाऊस व तापमान यांच्या गरजा परस्परांहून भिन्न आहेत.

वाऱ्याच्या मापनासाठी मोकळ्या मैदानावर दहा मीटर उंची प्रमाण मानली जाते. त्यामुळे वायुवेगमापकास गच्ची चालते. मात्र तो पाण्याच्या टाक्या व जिन्याचे छप्पर यांच्यापेक्षा बराच उंच असावा.

पर्जन्यमापकाचे याच्या उलट आहे. उंचावरील वाऱ्याचे झोत थेंबांना मापकाबाहेर उडवितात आणि पाऊस कमी भरतो. आपल्या देशात मापकाचे तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंचीवर ठेवण्याची पद्धत आहे. भिंत अथवा झाड जेवढे उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो असावा. तेव्हा आवारातील मोकळी जागा सर्वांत उत्तम.

तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झरोके असलेल्या पांढऱ्या पेटीत ठेवतात. थॉमस स्टीव्हन्सन या अभियंत्याच्या नावाने ही पेटी ओळखली जाते. पत्र्याच्या छपरावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर बसविलेला तापमापक हवेचे नव्हे, तर तापलेल्या पत्र्याचे तापमान सांगतो.

उंच खांबाला वीजसंरक्षक जोडणी जाणकाराकडून करून घेणे अत्यावश्यक आहे.

निगा व पडताळणी

भिवंडीच्या हवेत धुळीबरोबर कापसाचे तंतूही असतात. ते गाळणीत साचले की पाऊस पडूनही यंत्र शून्य दाखविते. म्हणून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात दर आठवड्यास गाळणी स्वच्छ करावी.

यंत्राची पडताळणीही सोपी आहे. मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर असेल, तर त्यात सावकाश ओतलेले एक लिटर पाणी 50 मिलिमीटर पावसाएवढे भरले पाहिजे.

आकड्यांचा उपयोग

एक चौरस मीटर जागेवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने पाच हजार चौरस मीटरच्या गोदामाच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच लाख लिटर पाणी खाली येते. हे पाणी शेजारच्या वस्तीत सोडावयाचे की साठवावयाचे व जिरवावयाचे, याचा निर्णय ग्रामपंचायतीस नोंदींच्या आधारे घेता येईल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तासाला किती पाऊस झाल्यावर अंगणात किती पाणी चढते, हे दोन-तीन पावसाळ्यांच्या वहीवरून समजू लागते. मग कोणत्या आकड्याला तळमजल्याची वीज बंद करावयाची, माल वर उचलावयाचा आणि रात्रपाळीस सूचना द्यावयाची, हे आधीच लिहून ठेवता येते. ही जबाबदारी कोणाची, तेही त्या कागदावर नावानिशी नमूद असावे.

महागडे यंत्र चुकीच्या जागी बसवून विसरून जाण्यापेक्षा साधे यंत्र योग्य जागी बसवून त्याची नोंद नेमाने ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. शाळा, ग्रामपंचायती व कारखाने यांनी आपापल्या वह्या परस्परांस दाखविण्याचा प्रघात पाडला, तर गावागावांतील पावसाचे खरे चित्र हाती येईल आणि पुढील पुराला तोंड देताना त्याचा निश्चित आधार होईल.